मालकाच्या जागी नुसता आकडा

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. दुपारी डबा खाताना, एक डोळा मॉनिटरवर ठेवून. आणि खरं सांगू का, बहुतेक वाचून मी हसलेय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोण येऊन बसतं… मी मनात म्हणायची, बाई गं, याचा लॉग कुठाय? माझं कामच तसं आहे. सर्व्हर बंद पडला की तो का पडला हे मशीननं कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, आपल्याला शोधून वाचायचा कंटाळा नको, एवढंच. गेली चौदा वर्षं मी याच विश्वासावर पोट भरतेय. देवाधर्माचं फारसं करत नाही, भुताखेतांचं तर नाहीच नाही. तेव्हा खालचं एका जरा तिरसट बाईनं लिहिलंय असं समजून वाचा, आणि हसलात तरी माझी हरकत नाही.

माझं नाव शुभांगी. माहेर वडूज, सासर सातारा. साताऱ्यात आमची चार माणसांची छोटी फर्म आहे. आसपासच्या दवाखान्यांचे, संस्थांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. बरंचसं काम घरी बसून होतं, महिन्यातून एखादी फेरी मारावी लागते. सांगलीतल्या एका रक्तपेढीचं काम गेल्या दसऱ्याच्या दहा महिने आधी आमच्याकडे आलं. रक्तपेढीचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. दोष कुणाचा ते पुढे येईलच.

आमच्या आधी ते काम आण्णा म्हणून एक गृहस्थ एकट्यानं बघायचे. सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते, निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि दहा-बारा वर्षं त्या रक्तपेढीचा सर्व्हर त्यांनी वाढवला. मी त्यांना कधी भेटले नव्हते. दुसऱ्याचं काम हातात घेताना त्याला एक फोन करायची रीत आहे, सगळेच करतात. मी केला नाही. कारण त्यांचा सर्व्हर उघडला आणि मला हसूच आलं. फोल्डरांची नावं काय, तर 'कोत' (म्हणजे पलटणीतली हत्यारांची खोली), 'राशन', 'गार्डरूम'. म्हटलं, या माणसाला काय विचारायचं? सर्व्हर रूमच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवली होती – 'अडचण आल्यास' – आणि खाली मोबाईल नंबर. ती चिठ्ठी मी प्रत्येक फेरीत बघायची आणि काढून टाकायचं म्हणता म्हणता राहून जायचं.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्या हत्यारावर आपलं पोट चालतं त्याची पूजा. त्याआधी ते घासूनपुसून लख्ख करायचं आणि पूजेच्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. कुणाचा नांगर, कुणाची शिलाई मशीन, आमचे सर्व्हर. आमच्या फर्ममध्ये प्रथाच पडलीय की अष्टमीला सगळे सर्व्हर साफ करायचे, वर्षभराचा कचरा काढायचा. पूजेवर माझा विश्वास नसला तरी साफसफाईवर आहे.

तर अष्टमीला मी सांगलीला गेले आणि आण्णांच्या सर्व्हरवर मनसोक्त झाडू फिरवला. काम सोडून गेलेल्या लोकांची खाती काढून टाकली, त्यात आण्णांचंही. जुन्या लायब्ररी उडवल्या. लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं उसनं हत्यार… प्रत्येक काम प्रोग्रॅम स्वतः करत नाही, काही कामं तो या फाईलींकडून करून घेतो. आणि कुठली फाईल कुणी उघडायची, कुणी नाही, याच्या परवानग्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे नव्यानं घट्ट बसवल्या. संध्याकाळी निघताना सगळं झकास चालू होतं. मी येताना आष्ट्याला थांबून स्वतःला उसाचा रस पाजला.

झकास चालू होतं, कारण एकदा सुरू झालेला प्रोग्रॅम आपली लायब्ररी मेमरीत धरून बसतो. खालून फाईल काढून घेतली तरी त्याला पत्ता नसतो. तो बंद होऊन पुन्हा उठेपर्यंत. हे मला माहीत होतं, नवशिक्यालाही माहीत असतं. फक्त तो सर्व्हर वर्षानुवर्षं बंदच होत नसे… वर्षातला एक दिवस सोडून. तो दिवस कुठला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कारण ज्यांना विचारायचं त्यांना मी विचारलं नव्हतं.

नवमीला सकाळी साडेनऊला सुरेखाताईंचा फोन. त्या तिथल्या मुख्य टेक्निशियन, पन्नाशीच्या, कधी घाबरत नाहीत.

"मॅडम, पूजेला सर्व्हर बंद केला हुता, दरसाल करतो तसा. नारळ फोडून परत चालू केला, तर सॉफ्टवेअर उघडंना."

"काय लिहून येतंय?"

"कायतरी फाईल सापडत न्हाई म्हणतंय." त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं. तिसऱ्या अक्षरालाच मला कळलं, कुठली फाईल. आदल्या दिवशी मीच उडवलेली.

मी उसनं अवसान आणून म्हटलं, "सुट्टीच आहे ना आज, दुपारपर्यंत बघते."

"दुपार लय लांब झाली मॅडम," त्या म्हणाल्या. "जतकडची एक बाई आणलीय, बाळंतपणाची. रक्त लय गेलंय. आन गट बॉम्बे हाय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – हा फार दुर्मिळ रक्तगट. या लोकांना फक्त याच गटाचं रक्त चालतं, दुसरं कुठलंच नाही. आपल्या भागात अशी थोडी माणसं आहेत. त्यांना ऊठसूट कुणी फोन करून छळू नये म्हणून त्यांची नावं, नंबर आण्णांनी सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद करून ठेवले होते. आणि ते कुलूप उघडणारी लायब्ररी आण्णांनीच, त्याच मशीनवर, स्वतः बनवलेली. इंटरनेटवरून उतरवून घ्यावी म्हटलं तर ती जगात कुठेच नाही. बॅकअप होता, पण नुसत्या माहितीचा, म्हणजे बंद पेटीचा. किल्ली मी आदल्या दिवशी झाडून टाकली होती. करायला गेले एक आणि झालं एक, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण मी जे करायला गेले होते तेच झालं होतं.

"बाकी ठिकाणी विचारलंत?"

"विचारलं. मिरजंत न्हाई, कोल्हापुरात न्हाई. व्हॉट्सॲपवर टाकलंय, पर आज सगळी पूजेत. मुंबईवरनं येतंय म्हणत्यात, उद्यापत्तोर. डॉक्टर म्हणत्यात संध्याकाळच्या आत दोन पिशव्या पायजेत."

घरूनच सर्व्हरला जोडून घ्यावं म्हटलं, तर लॅपटॉप देव्हाऱ्यापुढच्या पाटावर. विळी, कोयता, पान्हा, मुलीचा कंपास आणि माझा लॅपटॉप, झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं.

"आजच्या दिशी हत्यार उचलत न्हाईत गं," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, सांगलीत एक बाई अडलीय. माझ्या हातून चूक झालीय."

त्यांनी पाटाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "मग उचल. पर नमस्कार करून उचल. आन गाडी सावकाश हाण."

मी नमस्कार केला. लॅपटॉपला, आयुष्यात पहिल्यांदा. पण घरून काही जमलं नाही, बाहेरून आत यायची वाटही मीच काल घट्ट करून ठेवली होती. निघाले.

त्या प्रवासाबद्दल काय सांगू. कराड, पेठ नाका, आष्टा – हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. पण त्या दिवशी तो वेगळाच वाटत होता. वाहनं तुरळक आणि जी होती ती झेंडूच्या माळा घालून संथ चाललेली. ट्रॅक्टर घराघरांपुढे धुऊन उभे. दोन्ही अंगाला पुरुषभर उंच ऊस, वारा पडलेला, पान हलत नव्हतं. सगळ्या मुलुखानं हातातलं काम खाली ठेवलं होतं आणि मी एकटीच हत्यार घेऊन पळत होते. उन्हात ते पिवळेपण डोळ्यांत भरून राहिलं. मध्येच मला वाटायचं, आपण गाडी चालवत नाही, कुणीतरी रस्ताच हळूहळू मागे ओढून घेतंय.

पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. रक्तपेढीच्या बाकावर एक माणूस बसला होता, मांडीवर स्टीलचा डबा, उघडलेला नाही. मला बघून उभा राहिला.

"मिळंल का वो मॅडम?" एवढंच म्हणाला. तो त्या बाईचा नवरा.

मी "बघते" म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता आत गेले.

सर्व्हर रूममध्ये एसीचा गारठा, उदबत्तीचा वास. मशीनला झेंडूचा हार, आणि त्याच्या पंख्याच्या वाऱ्यानं पाकळ्या एकसारख्या थरथरत होत्या. दोन तास मी काय काय केलं त्याची यादी देत नाही. पुसलेली फाईल परत मिळते का बघितलं, नाही मिळाली. सर्व्हर बंद केला नसता तर चालू प्रोग्रॅमच्या पोटातून ती काढता आली असती, पण आता तो प्रोग्रॅमच मेला होता. अख्ख्या डिस्कवर तिच्या नावानं शोधलं. दुसऱ्या लायब्ररी बसवून पाहिल्या. शेवटी घायकुतीला आलेली माणसं करतात तेच केलं – सगळ्या फाईलींवर सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली. एरवी माझ्या हाताखालच्या पोरींनी असं केलं तर मी त्यांना फाडून खाते. त्यानं प्रोग्रॅम आणखीच रुसला.

आण्णांच्या फोल्डरची यादी समोर उघडी होती. फाईलीच्या मालकाचं नाव जिथे दिसतं तिथे नाव नव्हतं. खातं काढून टाकलं की नाव जातं आणि मशीनच्या आठवणीत उरतो तो नुसता आकडा. ओळीमागून ओळ – ४४१७, ४४१७, ४४१७. मला पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं.

सुरेखाताई चहा ठेवून गेल्या. "त्या बाईच्या नाडीचं काय खरं न्हाई म्हणत्यात," दारातूनच म्हणाल्या. अडीच वाजले असतील. मी उठले, दारावरच्या चिठ्ठीवरचा नंबर लावला आणि परत खुर्चीत बसले. दुसऱ्या रिंगला उचलला.

"हां, बोला ताई."

शांत आवाज, जरा खोल. मागे वारा वाहत होता, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, लांब कुणी बाई कोंबड्या हाकत होती. मी माझं नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं आणि माफी मागायला सुरुवात केली.

"त्ये नंतर," ते म्हणाले. "बाई कशी हाय?"

मी म्हटलं, वाईट आहे. मी त्यांना बाईबद्दल तोवर काही सांगितलंच नव्हतं. पण त्या वेळी माझ्या हे ध्यानातही आलं नाही. त्या वेळी सगळं फार साधं, सरळ वाटत होतं. गारठा जाणवेनासा झाला. पाकळ्या थरथरत होत्या आणि मला वाटत होतं, वेळ खूप आहे.

"कोत उघडा," ते म्हणाले. "त्यात प्रिंटरचा फोल्डर. त्यात फॉन्टचा फोल्डर. शेवटून तिसरी फाईल."

"आण्णा, तो तर देवनागरी फॉन्ट आहे."

"नाव फॉन्टचं हाय. पलटणीत एक संच अंगावर आन एक स्टोअरात. साफसफाई करणारं माणूस सगळं काढतंय, पर फॉन्टला हात लावत न्हाई."

खरंच नव्हता लावला. मी ती फाईल जुन्या जागी जुन्या नावानं ठेवली. बोटं घाईला आली होती.

"एंटर नका दाबू," ते म्हणाले. "आधी वाचा. काय लिवलंय त्ये वाचा. मग दाबा."

मी वाचलं. मग दाबलं. प्रोग्रॅम एक पाऊल पुढे गेला आणि अडला – परवानगी नाही.

"मालक कोण दिसतोय?"

"नाव नाही दिसत. आकडा आहे. चव्वेचाळीस सतरा."

"त्यो मीच. पलटणीतल्या नंबराचं शेवटचं चार आकडे. त्ये सॉफ्टवेअर माझ्याच हातनं चालतंय, दुसऱ्याचं ऐकत न्हाई. मला परत तयार करा."

"काय?"

"खातं वो. नाव कायबी द्या, नंबर त्योच ठेवा. मग परवानग्या. मालकाला सगळं, गटाला वाचण्यापुरतं, बाकीच्यांना दाराबाहेर. तुमी सगळ्यांना आत घेतलंय, म्हणून त्ये बिथरलंय."

मी एकेक ओळ लिहीत गेले. ते बोलायचे, मी लिहायचे, मध्ये ते थांबायचे तेव्हा नुसता वारा ऐकू यायचा. यादी परत काढली. आकड्यांच्या जागी एकदम नाव उभं राहिलं, ओळीमागून ओळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं आण्णा. उघडलं."

"मग फोन करा त्या लोकांस्नी. पलूसचा पोरगा पयला, त्यो लगीच येतो." आणि बस. 'ठेवतो' नाही, काही नाही. वारा होता, तो थांबला.

टेबलावरचा, फोनच्या आधी ठेवलेला चहा मी एका घोटात प्यायला गेले आणि माझी जीभ भाजली.

पुढचं सुरेखाताईंनी केलं. पलूसचा तरुण पूजेचा टिळा कपाळावर घेऊन पाऊण तासात मोटारसायकलवर हजर. दुसरे तासगावचे एक शिक्षक. तपासण्या झाल्या, पिशव्या गेल्या. साडेसहाला वरच्या दवाखान्यातून निरोप आला, बाई शुद्धीवर आहे, मुलगी झालीय. नवरा बाकावर बसून डबा खात होता आणि रडत होता, दोन्ही एकदम. मला त्यानं चपातीचा तुकडा दिला. मी घेतला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी मनाशी ठरवलं होतं, सोनं द्यायला जायचं ते पहिलं आण्णांकडे. पत्ता सुरेखाताईंनी दिला, आण्णांनी काम सोडल्यापासून त्यांचंही बोलणं झालेलं नव्हतं – म्हसवडच्या अलीकडे एक वस्ती. वडूजला आईकडे टेकले आणि तशीच पुढे गेले. तिकडे उसाचं नाव नाही, माळ नि बाभळी नि मोकळं आभाळ. दोन खोल्यांचं घर, पुढे शेळ्या बांधलेल्या. आण्णांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. मी कोण ते सांगितलं, पेढे दिले आणि म्हटलं, आण्णा आहेत ना? काल फोनवर त्यांनी माझी लाज राखली.

काकूंनी पेढे खाली ठेवले.

"कोन बोललं तुमच्याशी?"

"आण्णाच. दुपारी अडीचला."

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "त्येंची वाचा जाऊन आठ महिनं झालं. अर्धांग झालंय. या, बघा."

आतल्या खाटेवर आण्णा होते. अंगानं वाळलेले, दाढी नीट केलेली. डोळे उघडे, पण कुठेच बघत नव्हते. मी म्हटलं, फोन दुसऱ्या कुणी घेतला असेल, मुलगा, पुतण्या. काकू म्हणाल्या, मुलगा राजस्थानात पोस्टिंगला आहे. घरात दोघंच. आणि फोन म्हणाल तर…

त्यांनी मला देवापुढे नेलं. पाटावर खुरपी, कुऱ्हाड, आण्णांचा जुना मल्टिमीटर, वायरी कापायची पक्कड, आणि मध्ये साधा मोबाईल. वर कालची वाळलेली फुलं. "हे त्येंचं हत्यार म्हणून दरसाल पूजेत ठेवायचं. काल उजाडताच बंद करून ठेवला, अजून उचलला न्हाई. सोनं लुटल्यावर उचलायचा हुता."

त्यांनी फुलं बाजूला करून फोन सुरू केला. आम्ही दोघी बघत होतो. जरा वेळानं तो वाजला – एक मेसेज. फोन बंद असताना आलेला कॉल, काल दुपारी दोन चौतीस, माझा नंबर. मी माझा फोन काढला. दोन चौतीस, त्याच नंबरला, बोलणं झालं सव्वीस मिनिटं. दोन्ही फोन मी शेजारी शेजारी धरले.

मग मी आण्णांपाशी बसले. म्हटलं, आण्णा, तुमचं खातं मीच काढलं होतं. फोन करायला हवा होता मी आधीच, नाही केला. चुकले. त्यांच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं. बोटं मिटली नाहीत, काकूंनी ती मिटवली. आण्णांनी माझ्याकडे बघितलं वगैरे काही नाही. इथे काही चमत्कार सांगायचा मोह होतोय, पण तसं झालं नाही.

काकू उंबऱ्यात येऊन बसल्या. "कसा हुता आवाज?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शांत होता, जरा खोल.

"काय काय बोलले?"

मी पहिल्यापासून सांगितलं. फॉन्टचं, परवानग्यांचं, 'आधी वाचा मग दाबा'. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या एकेका वाक्याला मान हलवत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, परत सांगा. मी परत सांगितलं. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "माजं काय नाव काढलं का?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. 'काकूंना जेवून घ्यायला सांगा म्हणाले', एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण त्या घरात मला खोटं बोलवेना.

"नाही काकू. कामाचंच बोलले."

काकू हसल्या, अगदी तोंडभरून. "मग त्येच हायत," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्सं पलटणीतनं पत्र यायचं, मागनं फोन यायचा, कवा माजं नाव काढलं न्हाई. भुईमूग काढला का, शेळीला डाक्टर दावला का. दुसरं कोन असतं तर इचारलं असतं." आणि मग पदर तोंडाला लावून त्या खूप वेळ रडल्या.

फर्ममधली एक पोरगी म्हणते, दमून तुमचा डोळा लागला असेल मॅडम, फॉन्टची ती फाईल साफसफाईत नजरेखालून गेली असेल, मनानं जुळवाजुळव केली. असेलही. पण पलूसचा तरुण? सव्वीस मिनिटं? नेटवर्कची चूक, असंही एकजण म्हणाला. सर्व्हरचे लॉग मी पुन्हा पुन्हा वाचलेत. त्यात माझ्या एकटीची नोंद आहे, प्रत्येक कमांड माझ्या हातची. दुसरं कुणी आलं नाही नि गेलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा लॉगनं मला काही सांगितलेलं नाही.

काकू आता महिन्यातून एकदा फोन करतात, त्याच नंबरवरून. तो फोन त्या आता बंद करत नाहीत, चार्जिंगला लावून आण्णांच्या उशाशी ठेवतात.

"काय अडलंय का ताई तुमचं?" त्या विचारतात.

"नाही काकू. सगळं नीट चालू आहे."

"बरं बरं," म्हणतात, आणि त्यांचा आवाज पडतो.

सगळं नीट चालू ठेवणं हेच माझं काम. त्यासाठीच मला लोक ठेवतात. पण त्यांचा फोन ठेवल्यावर दरवेळी मला वाटतं, काहीतरी अडावं. फार मोठं नको, कुणाच्या जिवावरचं तर नकोच. आण्णांना विचारल्याशिवाय सुटणार नाही, एवढंच.